वाचकांचे प्रश्न : कुंटाश चालवताना

प्रश्न : मी ट्रॅक्टर आणि जीप चालवतो. 1970 च्या दशकातली लॅम्बोर्गिनी कुंटाश ही इटालियन स्पोर्ट्स कार चालवायला फार अवघड, असे ऐकतो. नेमके अवघड काय?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : सुरुवात सेल्फपासूनच होते. 1974 च्या एलपी 400 या पहिल्या कुंटाशमध्ये 3929 सीसीचे बारा सिलिंडरचे इंजिन आहे आणि त्याला वेबर कंपनीचे सहा जुळे कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग). चावी फिरवून पेट्रोल पंपांची टकटक मंदावेपर्यंत थांबायचे. तेवढ्यात फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाक्या, भरतात. मग अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीनदा पूर्ण दाबून सोडायचा, पाय काढायचा आणि सेल्फ मारायचा. जास्त वेळा दाबला तर प्लग ओले होतात आणि बाराही काढून वाळवण्यात सकाळ जाते.

पहिला गिअर डावीकडे मागे, दुसरा-तिसरा मधल्या रेषेत. गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, दोन सीटच्या मधोमध असल्याने दांडा थेट त्यातच उतरतो. म्हणून तो जड असला तरी नेमका बसतो. थंड गाडीत मात्र दुसरा गिअर अडतो. ऑइल घट्ट असते, त्यामुळे गिअर बसण्याआधी वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगला ते काम जमत नाही. तिथे जोर लावू नये, रिंग झिजते. पहिल्या काही किलोमीटरला पहिल्यावरून सरळ तिसरा टाकावा, नाहीतर दोनदा क्लच दाबावा – एकदा न्यूट्रल करताना, एकदा गिअर टाकताना. गिअर उतरवताना मध्ये न्यूट्रलला किंचित रेस द्यावी. जुन्या जीपवर हात बसलेल्याला हे पटकन जमेल.

पाण्याचा काटा आधी चढतो, ऑइलचा बऱ्याच उशिरा. ऑइल 70 अंशांवर जाईपर्यंत 3500 आरपीएम ओलांडू नयेत. त्यानंतर 4000 च्या पुढे सहाही कार्बोरेटर एका सुरात ओढू लागतात. त्या आवाजासाठी एवढा खटाटोप करावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

मागचे जवळजवळ दिसत नाही. रिव्हर्स घेताना दार वर उचलून, उंबऱ्यावर बसून, मान बाहेर काढून बघतात. गाडी जमिनीलगत असल्याने गावाच्या वेशीवरचे ब्रेकर तिरपेच घ्यावे लागतील.

प्रश्न : लॅम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टर बनवत होते, हे खरे का?
– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : खरे आहे. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी 1948 मध्ये ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला, मोटारी 1963 पासून. पुढे ट्रॅक्टरचा कारभार ‘सामे’ या इटालियन कंपनीकडे गेला.

प्रश्न : आपल्याकडच्या मे महिन्यात अशी गाडी चालेल का?
– एक वाचक, वरोरा (जि. चंद्रपूर)

उत्तर : पहाटे चालेल, दुपारी काढू नये. बाहेर 45 अंश असताना चालती गाडी कशीबशी तग धरते. खरा त्रास बंद केल्यावर. पाणी फिरायचे थांबते, इंजिनाची धग वर चढते आणि फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते. त्याची वाफ झाली की सेल्फ नुसता फिरत राहतो. अशा वेळी पेडल वारंवार मारू नये. पंप अर्धा मिनिट चालू द्यावा, पेडल अर्धे दाबून तसेच धरावे आणि सेल्फ मारावा. रेल्वे फाटकावर किंवा बाजाराच्या गर्दीत हाफ क्लचवर रेंगाळू नये. न्यूट्रल करून पाय काढावा, नाहीतर क्लच प्लेट जळते.

पेट्रोलच्या नळ्या मात्र आधी बदला. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते, चिरते. गळका थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडला की गाडी पेटते. इथेनॉल सोसणारी नळीच बसवा, क्लिप दर महिन्याला हाताने तपासा आणि अग्निशामक सिलिंडर सीटजवळ, हाताशी येईल असा ठेवा.