बूट एका कंपनीचे, रील दुसऱ्या कंपनीसाठी: नोटिशीला उत्तर काय द्यायचं?

प्रश्न : वकीलसाहेब, मी सांगली जिल्ह्यातला कबड्डीपटू, व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. बुटांच्या एका कंपनीशी माझा वर्षभराचा सहा लाखांचा करार आहे, त्यातले तीन लाख मिळालेत. 'क्रीडावस्त्रे, पादत्राणे व संबंधित उत्पादने' यांत दुसऱ्या कोणाची जाहिरात करायची नाही, केल्यास दहा लाख भरपाई, आणि करार संपल्यावरही एक वर्ष बाहेरची ऑफर आधी त्यांना दाखवायची, अशा अटी आहेत. मध्यंतरी मी इन्स्टाग्रामवर एका प्रोटीन पावडरची रील टाकली. त्याचे ४० हजार रुपये आणि २४ हजारांचे डबे मिळाले. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं. आता बूट कंपनीची नोटीस आली आहे: तीन लाख परत करा, दहा लाख भरा, मुदत १५ दिवस. तिकडे पावडरवाल्यांनी रीलमधला माझा फोटो 'याच पावडरने घडवला चॅम्पियन' असं लिहून होर्डिंगवर लावलाय. काय करू?

उत्तर : आधी रील डिलीट करू नका. तारीख, कॅप्शन, कमेंट आणि इनसाइट्स (रील किती जणांनी पाहिली वगैरे आकडे) दिसतील असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा, पावडरवाल्यांशी झालेलं चॅट एक्सपोर्ट करा आणि मगच रील अर्काइव्ह करा. हे पुरावे कोर्टात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो फोन विकू नका, रीसेटही करू नका. बूट कंपनीच्या मॅनेजरला 'चूक झाली, सांभाळून घ्या' असा मेसेज तर मुळीच पाठवू नका. तो कबुलीजबाब म्हणून तुमच्यावरच उलटतो.

तुम्ही केलेले दोन सौदे जातीनेच वेगळे आहेत. प्रायोजक खेळाडूचं नाव, चेहरा आणि मैदानावरचा वावर ठरलेल्या काळासाठी बांधून घेतो. इन्फ्लुएन्सरकडून ब्रँड एक पोस्ट विकत घेतो: किती सेकंदांची, किती दिवस ठेवायची, आणखी कुठे वापरायची. दुसरा सौदा केलात तेव्हा पहिल्याने तुम्ही बांधलेले होतात. 'ते माझं खासगी अकाउंट आहे' हा बचाव टिकणार नाही, कारण बंधन अकाउंटवर नसून माणसावर आहे.

तरीही तुमची बाजू लंगडी नाही. सगळा वाद 'संबंधित उत्पादने' या शब्दांवर फिरेल. पावडर ना अंगावर घालायची, ना पायात. मसुदा कंपनीने केला असेल, तर संदिग्ध शब्दाचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, असा युक्तिवाद करता येतो आणि इथे तो मला वजनदार वाटतो. मात्र व्याख्यांचं पान नीट वाचा. तिथे पूरक आहाराचा उल्लेख निघाला, तर हा मुद्दा सोडावा लागेल. आणि रील पुन्हा एकदा पाहा: पायात कोणते बूट आहेत? दुसऱ्या कंपनीचा लोगो स्पष्ट दिसत असेल, तर भंग तिथेच झाला, पावडरचा प्रश्न नंतरचा. अंगात संघाची जर्सी असेल, तर फ्रँचायझीच्या, म्हणजे संघमालकांच्या, करारातली परवानगीची अटही तपासा.

दहा लाखांच्या आकड्याने घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. तीन लाखांचंही तसंच. त्यांचे बूट घालून खेळलेले सामने, दिलेली शूट्स, टाकलेल्या पोस्ट यांची तारीखवार यादी उत्तराला जोडा. झालेल्या कामाचे पैसे सरसकट परत मागता येत नाहीत.

करारानंतरच्या एका वर्षाच्या अटीबद्दल तर तुम्ही निर्धास्त राहा. क्रिकेटपटू झहीर खानविरुद्ध पर्सेप्ट डी'मार्क या एजन्सीने केलेल्या खटल्यात अशीच अट होती: करार संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर आधी जुन्या एजन्सीला दाखवायची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एजन्सीला मनाई हुकूम नाकारला. मुदतीनंतर असा निर्बंध करार कायद्याच्या कलम २७ खाली चालत नाही. मुदत चालू असतानाचा निर्बंध मात्र सहसा वैध ठरतो, हा फरक लक्षात ठेवा.

१५ दिवसांच्या आत 'सर्व हक्क अबाधित राखून' असं उत्तर वकिलामार्फत पाठवा. त्यात भंग नाकारा, रील काढल्याचं कळवा आणि उरलेल्या मुदतीत काम करायची तयारी दाखवा. करारात लवादाचं कलम असेल तर भांडण लवादासमोर जाईल. बहुतेक कंपन्यांना चालू हंगामात खेळाडू गमवायचा नसतो, त्यामुळे तडजोडीला इथे चांगला वाव आहे.

पण मला खरी काळजी होर्डिंगची वाटते. चॅटमध्ये फक्त रील ठरली होती ना? मग होर्डिंगवर तुमचा फोटो वापरायची परवानगी त्यांच्याकडे नाही. रील तुम्हीच शूट केली असली, तरी ती त्यांच्या सांगण्यावरून पैसे घेऊन केलेली आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर कॉपीराइट त्यांचा ठरू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. चेहऱ्यावरचा हक्क मात्र वेगळा. २०१२ मध्ये टायटनने रामकुमार ज्वेलर्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा जिंकला, तो अमिताभ आणि जया बच्चन यांची टायटनच्याच तनिष्क या दागिन्यांच्या ब्रँडची जाहिरात उचलून लावलेल्या होर्डिंगवरूनच. रस्ता आणि तारीख कळेल असा फोटो काढा आणि सात दिवसांत होर्डिंग उतरवण्याची नोटीस द्या.

'याच पावडरने घडवला चॅम्पियन' हा दावा तुमच्या तोंडी घातलाय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं आणि एक वर्षापर्यंत जाहिरातबंदी घालू शकतं. इथे खेळाडू आणि इन्फ्लुएन्सर असा भेद नाही. दाव्याची योग्य शहानिशा केली असेल तरच सुटका, म्हणून एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि प्रयोगशाळेचा अहवाल आजच लेखी मागा. हा दावा तुम्हाला मान्य नाही, हेही नोटिशीत नोंदवा. रीलवर 'जाहिरात' असं ठळक लिहिलं होतं का, तेही पाहा. मोबदला घेतल्याचं रीलच्याच भाषेत, दृश्यात आणि आवाजातही सांगायचं असतं. हॅशटॅगांच्या गर्दीत लपवून चालत नाही.

ती पावडर तुम्ही स्वतः घेत असाल तर आधी थांबवा. उत्तेजक चाचणीत 'डब्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं' एवढ्यावर खेळाडू सुटत नाही. शरीरात काय सापडलं याची जबाबदारी त्याचीच. बंदी आली तर बूट कंपनीचा करारही त्याच दिवशी धोक्यात येईल. त्याच बॅचचा एक सीलबंद डबा आणि बिल जपून ठेवा.

२४ हजारांचे डबे हेही उत्पन्नच. वर्षभरात २० हजारांहून अधिक किमतीची भेटवस्तू दिली, तर देणाऱ्याने १० टक्के, म्हणजे इथे २,४०० रुपये, टीडीएस भरायचा असतो. तो तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या करनोंदीच्या उताऱ्यात, दिसतो का बघा, आणि डबे व ४० हजार, दोन्ही विवरणपत्रात दाखवा.

वकिलाकडे जाताना बूट कंपनीचा आणि फ्रँचायझीचा असे दोन्ही करार सहीच्या सर्व पानांसह न्या, आणि नोटिशीचं पाकीट फेकू नका. मुदत ती हातात पडल्याच्या दिवसापासून मोजायची असेल, तर ती तारीख टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येते.