फ्रिजमधला आर-६००ए गॅस दुरुस्तीच्या वेळी हवेत सोडला तर चालतो का?

घरगुती फ्रिज असेल तर चालतो, पण खोलीत नाही: लांब नळी लावून बाहेर मोकळ्या हवेत, हळूहळू सोडायचा. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. ओझोनला त्याचा त्रास नाही, तापमानवाढीतला वाटा नगण्य, आणि फ्रिजमध्ये तो साधारण ३० ते ८० ग्रॅमच असतो. मी फ्रिज-एसीचंच काम करतो. खरी भीती आगीची. हवेत जेमतेम १.८ टक्के मिसळला तरी ठिणगी पुरते. हवेच्या दुप्पट जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून नळीचं तोंड गटाराजवळ किंवा तळघराकडे अजिबात नको. आधी प्लग काढा, शेगडी आणि देवापुढचा दिवा विझवा, खिडक्या उघडा. गॅस संपला असं वाटलं तरी कॉम्प्रेसरच्या तेलात थोडा विरघळलेला राहतोच. म्हणून व्हॅक्यूम करा, म्हणजे पंपाने उरलेला गॅस ओढून काढा (पंपाची हवासुद्धा बाहेरच सोडा), मग पाइपांतून नायट्रोजन फिरवा आणि पाइप कटरनेच कापा. जुना जोड टॉर्चने सोडवायला जाऊ नका, भडका तिथेच उडतो. मात्र कॉम्प्रेसरवरचा स्टिकर आधी वाचा: आर-१३४ए (फ्रिजमधला दुसरा गॅस, तापमानवाढीत याचा वाटा मोठा) असेल तर हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी मशीनने (गॅस ओढून घेणाऱ्या यंत्राने) सिलिंडरमध्येच घ्यायचा.