आधी दारू सोडवायची की आधी मनाचा इलाज?

“आधी यांची दारू सुटू द्या, मग डोक्याच्या गोळ्यांचं बघू,” असे बीड जिल्ह्यातील आमच्या समुपदेशन कक्षात बहुतेक घरचे लोक म्हणतात. यामागे काळजीच असते. परंतु या क्रमापायी हाती असलेला वेळ निसटून जातो. गेल्या वर्षी आलेल्या एका जोडप्याची हकिकत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

चाळिशीतील हे कापूस उत्पादक शेतकरी महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले आणि तीन आठवड्यांत पुन्हा पिऊ लागले. त्यापूर्वी एका डॉक्टरांनी “दारू बंद झाल्यावर या” म्हणून त्यांना परत पाठवले होते. वास्तविक, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारातच धरतो.

त्यांच्या पत्नीने पिशवीतून भिंतीवरचे जुने कॅलेंडर काढले. दुधाच्या हिशेबाशेजारी तिने बारीक अक्षरांत काही दिवशी ‘जागे’, तर काही दिवशी ‘पेले’ असे लिहून ठेवले होते. सासरे वारल्यानंतर पोळ्यापासून ‘जागे’ सुरू झाले होते, ‘पेले’ मात्र दिवाळीनंतर. आणि केंद्रातून आल्यावरच्या कोरड्या तीन आठवड्यांत एकही रात्र ‘जागे’शिवाय गेलेली नव्हती.

“पेल्याबिगर डोळाच लागत नाही, ताई,” ते खाली मान घालून म्हणाले. जीव द्यावासा वाटतो का, हे मी स्पष्ट विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. त्यांनी होकार दिला, तेव्हा घरातील फवारणीची औषधे त्याच संध्याकाळी मेहुण्याकडे हलवली.

रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे जीवघेणे त्रास होऊ शकतात, म्हणून त्यांना रुग्णालयात दाखल केले आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. दारूमुळेच आलेली उदासी ती थांबल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरते, त्यामुळे डॉक्टर पुष्कळदा तेवढे थांबून पाहतात. येथे उदासी आधीची असल्याचे कॅलेंडरच सांगत होते, म्हणून नैराश्याची औषधे लगेच सुरू झाली.

दारू सुटावी म्हणून कोणीतरी सुचवलेली पुडी नवऱ्याच्या भाजीत कालवू का, असे पत्नीने विचारले होते. मी तिला कळकळीने अडवले, कारण अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असेल आणि नकळत ते घेतलेला माणूस दारू प्याला, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

चौथ्या महिन्यात भावकीतील लग्नात ते प्याले. “आता गोळ्या बंद करू का?” असा तिचा रडवेला फोन आला. मनाने काही बंद करू नका, उद्याच डॉक्टरांकडे या, असे मी सांगितले. दोघे आले, तेव्हा नवे कॅलेंडर तिने सोबत आणले होते. त्यावर लग्नाच्या तारखेला ‘पेले’ होते. ‘जागे’ मात्र त्या पानावर कुठेच नव्हते.