मागचे ब्रेक पॅड बसत नाहीत? हातोडी लांब ठेवा

प्रश्न : माझी 2008 ची होंडा सिव्हिक आहे. मागचे पॅड संपले म्हणून बाहेरच्या कंपनीचे आणले. आकार जुन्यांसारखाच आहे, पण ब्रॅकेटमध्ये हाताने सरकत नाहीत. शिवाय कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन शिकंज्याने दाबला तरी आत जात नाही. मेकॅनिक म्हणतो, ठोकून बसवू, गाडी चालली की जागा करून घेतील.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ठोकून अजिबात बसवू देऊ नका. पेडल सोडल्यावर पॅड डिस्कपासून केसभर मागे सरकावा लागतो. त्याला मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग तुमच्या गाडीत नाही. पिस्टनभोवतीचं रबरी सील आपल्या जागी परत येताना पिस्टनला थोडं मागे खेचतं, तेवढंच. ठोकलेला पॅड एवढ्याशा ताकदीला दाद देत नाही. तो डिस्कला घासत राहतो, चाक तापतं आणि दोनपैकी एक पॅड अर्ध्या वेळेत संपतो.

तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. आधी पॅडची सोडवू. चाकांना ठोकळे लावा, गाडी स्टँडवर घ्या आणि हँडब्रेक पूर्ण सोडा. कॅलिपर काढून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. आता ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या पातळ क्लिपा काढून नुसता पॅड खाचेत घालून बघा. क्लिपांशिवाय सैल जातो आणि क्लिपा लावल्या की अडकतो, तर दोष बहुधा पॅडचा नाहीच. क्लिपेखाली गंजाचा थर फुगतो आणि क्लिपेला आत ढकलतो. समुद्राकाठच्या हवेत हे फार होतं. जुने पॅड झिजत झिजत तिथेच रुळलेले असतात, म्हणून ते चालून जातात आणि नवे अडतात. तारेचा ब्रश आणि चपटी कानस घेऊन खाचेतला गंज मूळ लोखंड दिसेपर्यंत काढा. लोखंड मात्र कापू नका. क्लिपा नव्याच घाला, वाकलेल्या सरळ करून वापरू नका.

खाच स्वच्छ करूनही पॅड क्लिपांशिवायच अडत असेल, तर पॅडच्या दोन्ही टोकांचे कान व्हर्निअरने मोजा आणि जुन्याशी ताडून पाहा. बाहेरच्या कंपनीच्या पॅडवर कधी कधी रंगाचा थर जाड असतो, कधी प्रेसमध्ये पत्रा कापताना कडेला राहिलेली धार अडते. कानाच्या कडेवर कानसेचे चार-सहा हात मारा. रंग गेला, धार गेली की थांबा. तरीही जात नसेल, तर तो पॅड तुमच्या गाडीचा नाही, परत करा. क्लिपांसकट पॅड बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. ही एकच कसोटी लक्षात ठेवा.

आता पिस्टन. तुमच्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे, त्यामुळे हा पिस्टन दाबून जात नाही, फिरवून आत घ्यावा लागतो. शिकंज्याने जोर लावला तर आतली फिरकी बिघडते आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर फुलीसारख्या खाचा आहेत. त्यात पिस्टन फिरवायचं हत्यार बसवा, नसेल तर लांब चोचीची पक्कड. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, थोडा दाब ठेवून फिरवा. रबरी बूट पिस्टनबरोबर पीळ खाऊ नये म्हणून त्याच्या ओठाला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. पिस्टन आत जाताना डब्यातलं ब्रेक ऑइल वर चढतं, त्यावर लक्ष असू द्या. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पिस्टन आत गेला की खाचेची दिशा बघा. आतल्या पॅडच्या पाठीवर एक छोटी खुंटी असते, ती पिस्टनच्या खाचेत पडली पाहिजे. नाही पडली तर पॅड तिरका उभा राहतो, कॅलिपर वर बसत नाही आणि माणूस म्हणतो, ‘पॅड जाड दिलेत.’ डिस्कच्या बाहेरच्या बाजूचा पॅड चुकून आत लावला तरी घोटाळा होतोच.

शेवटी कॅलिपरवरची हँडब्रेकची दांडी आपल्या अडणीला, म्हणजे तिला थांबवणाऱ्या खुंटीला, टेकली आहे का, ते पाहा. जुने पॅड झिजलेले असताना कोणी केबल ताणून ठेवली असेल, तर दांडी टेकत नाही आणि नवे पॅड पहिल्याच दिवशी घासतात. केबल सैल करा, पेडल घट्ट होईपर्यंत दाबा आणि मगच हँडब्रेक जुळवा. पेडल न दाबता गाडी हलवलीत तर पहिला ब्रेक लागणारच नाही.

प्रश्न : मोटरसायकलच्या मागच्या डिस्कला नवे पॅड घातले. चाक जागेवर मोकळं फिरतं, पण पाच-सात किलोमीटरनंतर जॅम होतं. पॅड खराब आहेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जॅम झालेलं असतानाच तपासा, थंड झाल्यावर काही कळणार नाही. कॅलिपर आणि डिस्क चटका देतील, हात सांभाळा. कॅलिपरच्या ब्लीडर निपलवर (ऑइल आणि हवा काढायच्या बारीक तोटीवर) नळी लावा, तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल थोडा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं, तर आत दाब अडकलाय, पॅड निर्दोष आहेत. मग पेडलला मोकळी चाल आहे का पाहा. पेडलचा जोर ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरला देणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, जास्त लांब ठेवलेला असला की मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलं जातं. ऑइल तापून फुगतं, त्याला डब्यात परत जायला वाट मिळत नाही. पुशरॉडचा नट सैल करून थोडी चाल ठेवा. छिद्रात गाळ असेल तर मास्टर सिलिंडर उघडून साफ करून घ्या.

निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर अडचण यांत्रिक आहे. पॅड ज्या पिनवर सरकतो ती बाहेर काढा. तिच्यावर खड्डे पडले असतील तर बदला. सरकणाऱ्या पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने तिथली रबरं फुगतात आणि पिना आणखी आवळतात.

प्रश्न : पॅड जाड होते म्हणून गॅरेजवाल्याने ग्राइंडरवर घासून पातळ केले. चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हातात धरून घासलेला पॅड समांतर राहत नाही, तो एका कडेनेच टेकतो. त्याची धूळही छातीत जाते. पिस्टन पूर्ण आत गेल्यावरही पॅड जाड पडत असेल, तर तो चुकीचा आहे. दुकानात जुना पॅड सोबत न्या आणि पाठीवरचे आकडे जुळवा. बऱ्याच पॅडवर डब्ल्यूव्हीए हा पाच आकडी क्रमांक असतो, तो पॅडचा आकार सांगतो. वर्तुळातलं ‘ई’ आणि ‘90आर’ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो पॅड मूळ पॅडशी तुलना करून तपासलेला आहे. असे पॅड थोडे महाग पडले तरी तेच घ्या. बसवल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारू नका.