डॉ. पॅट्रिशिया बाथ यांनी नेमकं काय शोधलं?

प्रश्न: मुलीला शाळेत डॉ. पॅट्रिशिया बाथ यांच्यावर भाषण करायचंय. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनीच शोधलं असं तिनं लिहिलंय, ते बरोबर आहे का? अजून काय सांगता येईल?

उत्तर: ताई, तेवढं वाक्य आधी बदलून घ्या. मोतीबिंदू काढणं खूप जुनं आहे, आणि आज जिकडेतिकडे जे फेको होतं, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घ्यायचा, ते चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये आणलं. बाथ या अमेरिकन नेत्रतज्ज्ञ, त्यांचं ते लेझरफेको. डोळ्याला जेमतेम १ मिलिमीटरची चीर, त्यातून बारीक फायबर असलेली सळई (प्रोब) आत घालायची, लेझरने मोतीबिंदू विरघळवायचा आणि त्याच प्रोबने पाणी सोडून उरलंसुरलं ओढून काढायचं. कल्पना १९८१ ची, पण हवा तसा लेझर अमेरिकेत मिळेना म्हणून त्या थेट बर्लिनला गेल्या, आणि पेटंट हातात आलं १९८८ मध्ये. वैद्यकीय शोधाचं पेटंट मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला डॉक्टर.

पण मला विचाराल तर भाषण लेझरपासून सुरू करू नका, न्यूयॉर्कमधल्या दोन दवाखान्यांपासून करा. बाथ न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्याच, १९४२ चा जन्म, वडील भुयारी रेल्वेत मोटरमन, आई लोकांच्या घरी कामाला जायची आणि तिनंच लेकीला केमिस्ट्री सेट आणून दिला. डॉक्टर झाल्यावर हार्लेम हॉस्पिटल आणि कोलंबिया विद्यापीठाचा दवाखाना अशा दोन्ही ठिकाणी त्या काम करत होत्या, तेव्हा त्यांना दिसलं की हार्लेमच्या आय क्लिनिकमध्ये निम्मे पेशंट आंधळे नाहीतर अधू नजरेचे आणि कोलंबियात असं कुणी क्वचितच. बाकीचे हे बघून पुढे गेले असते हो! बाईंनी मोजणी केली, तर कृष्णवर्णीयांमध्ये अंधत्वाचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट निघालं, कारण साधं, वेळेवर डोळ्याचा डॉक्टरच मिळत नव्हता. मग कोलंबियातल्या आपल्याच प्राध्यापकांना गळ घालून त्यांनी हार्लेममध्ये फुकट ऑपरेशनं करायला लावली. शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांनी वस्तीत जाऊन डोळे तपासायचे, ही कम्युनिटी ऑप्थॅल्मॉलॉजी त्यांनी १९७६ मध्ये मांडली ती यातूनच.

आणि हे मुलीला जरूर सांगा. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूल्स स्टाइन आय इन्स्टिट्यूटमध्ये त्या पहिल्या महिला प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या तेव्हा त्यांना ऑफिस दाखवलं ते तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांशेजारी. त्यांनी आरडाओरडा केला नाही, हे योग्य नाही एवढंच सांगितलं, नीट खोली मिळवली आणि कामाला बसल्या.