तोंड उघड, पोरी

बाळा,

परवा मराठी शाळा सुटल्यावर गाडीपाशी थांबून तू विचारलंस, "काका, कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा तिसऱ्यांदा देऊ, की पुढच्या वर्षी कॉलेजच्या पातळीचा पाचवा एपी विषय घेऊ?" तेव्हा मी काहीच बोललो नाही. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून लिहितोय.

१६०० पैकी १५२० आहेत तुझे. पुरे झालं! मला सांग, इतिहासाच्या तासाला तू शेवटचं कधी बोललीस?

एमआयटी म्हणत होतीस ना? अमेरिकेतल्या त्या कॉलेजला शिक्षकांची दोन शिफारसपत्रं लागतात, एक गणित-विज्ञानाचं, दुसरं भाषा किंवा इतिहासासारख्या विषयाचं. बहुतेक मुलं ती अकरावीच्या शिक्षकांकडून घेतात, कारण लवकरचे अर्ज १ नोव्हेंबरच्या सुमारास जातात आणि बारावीचे शिक्षक तोवर ओळखणार किती? म्हणजे तुझं पत्र याच वर्षी तयार होतंय. ते वाचायचा हक्कही बहुतेक मुलं अर्ज भरताना सोडून देतात. तेव्हा तोंड उघड.

माझ्या मुलाला मी कायम एकच सांगितलं, मान खाली घालून अभ्यास कर. त्याने केला. मे महिन्यात तो फिजिक्सच्या बाईंकडे पत्र मागायला गेला. त्या म्हणाल्या, "मार्क छान आहेत रे, पण तुझ्याबद्दल लिहू काय?" मी त्या बाईंवरच चिडलो. मला तरी काय ठाऊक? आमच्या सांगलीच्या वर्गात साठ पोरं, प्रश्न विचारणारा तो आगाऊ. गप्प राहूनच मी इंजिनिअर झालो, इथवर आलो. त्या वर्गात तेच बरोबर होतं, आजही म्हणेन. पण मी ते त्याच्या गळ्यात बांधलं, ही चूक माझी.

आता म्हणशील, कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ, यूसी, एसएटी बघत नाही आणि पत्रंही सहसा मागत नाही. खरंय. पण तिथल्या तीनशे मुलांच्या वर्गातही तुला तोंड उघडावंच लागेल.

आणि "मी लाजाळू आहे" हे मला सांगू नकोस. 'ल' आणि 'ळ'वरून माझ्याशी पाऊण तास भांडलीस तू! किती बरं वाटलं होतं मला. हात वर होत नसेल तर तास संपल्यावर थांब, डब्याच्या सुट्टीत जा. प्रश्न चुकला तर चुकू दे, विचार.

सोमवारी इतिहासाच्या सरांना काय विचारलंस ते रविवारी मला सांग. आणि आईला म्हणावं, एसएटी क्लासचे पैसे इतक्यात भरू नकोस.

तुझा,
काका