न्यूयॉर्क राज्यात ड्युटीवर जखमी झालेल्या पोलिसाला पगार आणि उपचाराचा खर्च मिळतो का?

समजा, तुमचा भाचा तिथल्या एका छोट्या शहराच्या पोलीस दलात आहे, ठाण्याच्या जिन्यावर घसरून त्याचा गुडघा दुखावला, आणि 'आरोपीशी झटापट झाली नाही, मग काही मिळत नाही' असं त्याला सांगितलं जातंय. यातलं शेवटचं चूक आहे.

जनरल म्युनिसिपल लॉच्या कलम 207-सी नुसार काम करताना इजा झाली तर ती बरी होईपर्यंत पूर्ण नियमित पगार आणि त्या इजेवरच्या उपचारांचा सगळा खर्च नगरपालिकेने द्यायचा असतो. (न्यूयॉर्क शहराचं पोलीस दल यात येत नाही. अग्निशमन दलासाठी 207-ए हे वेगळं कलम आहे.) इजा पोलिसी जोखमीचीच हवी, हा आग्रह राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने (कोर्ट ऑफ अपील्स) 2003 मध्ये 'थेरू विरुद्ध रायली' खटल्यात मोडीत काढला. काम आणि इजा यांचा थेट संबंध दाखवता आला की पुरे. गुडघा आधीपासून दुखत असला तरी हक्क आपोआप जात नाही. मात्र कामच थेट कारण ठरलं हे डॉक्टरांच्या कागदात स्पष्ट हवं.

बहुतेक दावे अडकतात ते पहिल्याच अहवालात. 'गुडघा दुखतो' एवढंच लिहू नये. वेळ, कोणती पायरी, ती ओली होती का, त्या क्षणी कोणतं काम चालू होतं, कोणी पाहिलं, सगळं लिहावं. 207-सी च्या अर्जाची मुदत स्थानिक नियमावलीत किंवा युनियनच्या करारात असते आणि ती फार कमी असू शकते, म्हणून ती आजच बघा.

वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा (कामावर झालेल्या इजेच्या भरपाईची राज्याची व्यवस्था) दावा वेगळा: मालकाला लेखी सूचना 30 दिवसांत, दावा 2 वर्षांत. दोन्ही करावेत. तिथे मंजुरी मिळाली म्हणून 207-सी मिळेलच असं नाही, कारण तो निर्णय नगरपालिकेवर बंधनकारक नसतो.

'पूर्ण पगार' म्हणजे ओव्हरटाइम नव्हे. घरी असताना सुट्ट्या साठणं हेही करारात लिहिलेलं असेल तरच.

मंजुरीनंतर इजा बरी होण्याआधीच पगार बंद पडण्याची मुख्य कारणं ही: नगरपालिकेच्या डॉक्टरांची तपासणी किंवा उपचार नाकारणं, झेपेल अशी लाइट ड्युटी (हलकं काम) देऊनही न जाणं, किंवा दुसरीकडे नोकरी धरणं. मित्राच्या दुकानात पगारावर बसणंसुद्धा यात येतं. लाइट ड्युटी झेपत नसेल तर गप्प घरी बसू नये. कोणती हालचाल जमत नाही हे सांगणारं स्वतःच्या डॉक्टरांचं पत्र लगेच द्यावं आणि सुनावणी मागावी. अंतिम नकार आला तर आर्टिकल 78 (सरकारी निर्णयाला आव्हान देण्याची तिथली तरतूद) खाली न्यायालयात जायला फक्त 4 महिने मिळतात.

इजा कायमची ठरण्याची शक्यता असेल तर अपघाती अपंगत्व निवृत्तीसाठी राज्याच्या कम्प्ट्रोलरकडे (राज्याचे लेखाप्रमुख, पेन्शन त्यांच्याकडे असतं) 90 दिवसांत लेखी सूचना द्यावी. तिथे 'अपघात' ठरवण्याचा निकष 207-सी पेक्षा बराच कडक आहे, तेव्हा पहिल्या अहवालातली ती ओली पायरी तिथेही पाहिली जाते.